आवराआवर

१

आमच्या ऑफिसात एक टेस्ट दिवसाआड नापास व्हायची आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. रुग्णांचे एक्स-रे, अहवाल, सगळं त्यात साठवायचं. त्यात कुणी काही बदल केला की टेस्टची एक रांगच्या रांग आपोआप चालते आणि पडद्यावर हिरव्या खुणा उमटत जातात. त्या रांगेत सगळ्यात शेवटी ही. हिचं काम इतकं साधं, की सांगायलाही संकोच वाटावा. डिस्कवर एक फाइल लिहायची. तीच परत वाचायची. लिहिलं तेच वाचलं ना, ते बघायचं. मग फाइल पुसून जागा आवरून ठेवायची. एवढ्यात ही अडखळायची. 'फाइल सापडली नाही' म्हणत लाल व्हायची. मग कुणीतरी बटण दाबून तिला पुन्हा चालवायचं, आणि दुसऱ्या खेपेला ती मुकाट्यानं हिरवी व्हायची. आमच्यातल्या एकानं हे इतक्या वेळा केलं होतं की त्याचं नावच रीरन पडलं.

"खोटारडी आहे ती," रीरननं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मनावर घ्यायचं नाही. ओरडली की परत चालवायची."

लग्न झाल्यावर मी घरून काम करू लागले, म्हणजे सासरहून. महिनाभरानं आमच्या टीमच्या मॅडमचा फोन आला. "ती फाइलवाली टेस्ट आता निवृत्त करायची. तुझं डोकं शांत आहे, तू कर. कारण एका ओळीत लिही, पुसून टाक, आणि ती चालते ते जुनं खोकं भंगारात दे."

बाकी सगळ्या टेस्ट केव्हाच भाड्याच्या मशिनांवर गेल्या होत्या. ही एकटी अजून एका जुन्या काळ्या कॉम्प्युटरवर चालायची. ते खोकं कुरियरनं घरी आलं तेव्हा सासूबाईंनी त्याला चारही बाजूंनी न्याहाळलं.

"तुझ्या माहेरचं सामान अजून येतंच आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

२

सासूबाई कपडे शिवतात. स्वयंपाकघराला लागून त्यांची शिवणाची खोली आहे. एका भिंतीला त्यांचं मशीन, दुसऱ्या भिंतीला माझं टेबल, आणि मध्ये एक लांबलचक कापायचं टेबल. काळं खोकं मी त्या टेबलाखाली ठेवलं. टेस्ट सुरू झाली की त्याचा पंखा हलकेच घुरघुरायचा. कुणीतरी दमून आलंय आणि दम लागलेला कळू देत नाहीये, असा आवाज.

त्या टेबलावर एक पत्र्याचा डबा होता, बटणांचा. कुणाचाही कपडा विरला, फाटला, की सासूबाई त्याचं फडकं करायच्या. पण त्याआधी एक-एक बटण कापून डब्यात टाकायच्या. "कपडा गेला म्हणून बटणानं काय घोडं मारलंय," हे त्यावरचं त्यांचं म्हणणं. 

सासरे निवृत्त झालेले. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. उंच इमारतींच्या पोटात लोंबकळून काम केलेला हा माणूस घरी मात्र कुठलंच काम तडीस न्यायचा नाही. पेपर अर्धा वाचून पालथा घालायचा. चहा अर्धा पिऊन बाल्कनीत जायचं, खालच्या रस्त्याची पाहणी करायची, आणि मग येऊन उरलेला गार चहा प्यायचा. दिवाणखान्यातल्या गोल टेबलावर त्यांचं कोडं मांडलेलं असायचं. हजार तुकड्यांचं, एका बंदराचं चित्र. माझ्या नवऱ्यानं आणून दिलेलं. "निवृत्त माणसाच्या हाताला काहीतरी पाहिजे, नाहीतर तो घरातल्यांना दुरुस्त करायला लागतो," हेही सासूबाईंचंच.

तर एके दुपारी सासरे बाल्कनीतून आले आणि टेबलाशी थांबले.

"माझा चहा?"

कप स्वयंपाकघरात होता. धुतलेला, पुसलेला, पालथा.

"सूनबाईनं आवरला असेल," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "हिला काही सांगावं लागत नाही. सांगायच्या आधीच झालेलं असतं."

मी आवरला नव्हता. मला वाटलं, त्यांनीच आवरला आणि नव्या सुनेच्या नावावर खपवला. सासूनं पदरात टाकलेलं कौतुक नाकारायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसती हसले.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. मोरीत जेवणाची खरकटी ताटं तशीच पडली होती. ज्यानं कुणी आवरलं, त्यानं संपलेलं सगळं सोडून फक्त अर्धा कप उचलला होता.

३

निवृत्त करायचं तर कारण हवं. आणि मला एक शंका छळत होती. टेस्ट खोटं बोलत असेल तर ठीक. पण ती खरं बोलत असेल, फाइल खरंच नाहीशी होत असेल, तर कुठल्यातरी दवाखान्यात कुणाचातरी एक्स-रेही असाच जात असेल.

मी तिच्या प्रत्येक पायरीवर वेळेची नोंद घातली. जेव्हा ती पास व्हायची, तेव्हा क्रम बरोबर यायचा: लिहिलं, वाचलं, आवरलं. नापास व्हायची तेव्हा आवरणं वाचण्याच्या आधी. 

हे काही भूत नव्हे. असं होतं. आवरायचं काम एका वेगळ्या मदतनिसाकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्याच एका वेगळ्या तुकड्याकडे दिलेलं होतं, आणि वाचून होईपर्यंत थांब, असं त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. बिचारा कधी वेळेवर यायचा, कधी आधीच. मी रीरनला फोन लावला.

"ही लिहिली कुणी?"

"कुणास ठाऊक. मी आलो तेव्हा होती. माझ्या आधीचे होते, तेही हेच म्हणायचे." तो काहीतरी चावत होता. "इतका विचार का करतेस? पुसून टाक की."

"आधी नीट बघते."

"नवीन लग्न झालेल्या माणसानं इतकं नीट बघू नये."

मी आवरायचा अख्खा भागच काढून टाकला. आता फाइल लिहायची आणि वाचायची, बस. पुसणारं कुणी उरलंच नव्हतं. टेस्ट चालवली. पंखा घुरघुरला.

फाइल सापडली नाही.

टेस्टची जुनीच प्रत चालली असेल म्हणून पुन्हा तपासलं. नवीनच होती. डिस्क खराब असेल म्हणून त्याच जागी हातानं फाइली करून ठेवल्या आणि पाणी प्यायला गेले. परत आले तर सगळ्या जागच्या जागी. मग त्यातली एक उघडली आणि वाचता वाचता लिहायला लागले. वाक्य पुरं व्हायच्या आत ती माझ्यासमोरून गेली. बाकीच्या होत्या तशाच.

जे कुणी वापरत नव्हतं त्याला धक्का नव्हता. वापरात असलेलंच तेवढं उचललं जात होतं. 

मला मोरीतली खरकटी ताटं आठवली. मग मी स्वतःलाच समजावलं, की दिवसभर पडद्याकडे बघणाऱ्या बाईला कुठेही काहीही जुळताना दिसतं.

४

कोडं गेलं ते एका सकाळी. सासरे दात घासायला उठले होते, तेवढ्यात.

टेबल लख्ख होतं. तुकडे कोड्याच्या खोक्यात गेले होते, तेही नुसते ओतलेले नाहीत. निळे निळ्यांबरोबर, कडेचे कडेच्यांबरोबर, थरावर थर. जेमतेम निम्मं जुळलेलं बंदर कुणीतरी एक-एक तुकडा सोडवून नीट लावून ठेवलं होतं.

सासरे तोंडाला टूथपेस्टचा फेस तसाच ठेवून उभे राहिले. मग तोंड धुऊन आले आणि माझ्याशी अगदी हळू बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सूनबाई, इतकं अडत होतं का गं?"

"बाबा, मी नाही आवरलं."

"असू दे. घर तुझंही आहे. म्हाताऱ्याचा पसारा कुणाला आवडतो." 

ते खुर्चीत बसले. काही दिवसांपासून त्यांना चार पावलं चाललं तरी धाप लागायची. तेव्हाही लागली होती. हृदयाची तपासणी करायचं ठरलं होतं. त्या धापेच्या आणि टेबलाखालच्या पंख्याच्या आवाजात मला काहीच फरक करता येईना, आणि ते माझ्या अंगावर आलं.

स्वयंपाकघरात मी सासूबाईंना गाठलं. "आई, खरंच मी नाही. तो कपही मी धुतला नव्हता."

त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही धुतलात."

"मी कशाला धुऊ? मी या माणसाचे अर्धे कप गेली कित्येक वर्षं झाकून ठेवत आले." त्यांनी दाराकडे पाहिलं. "यांचा चष्माही परवा कपाटात सापडला. घडी घालून, फडक्यात गुंडाळून. पेपर वाचताना जरा डोळा लागला होता, तेवढ्यात नाकावरून गेला म्हणतात. मी म्हटलं, विसरला असाल."

मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भाजी करपतेय," आणि तिकडे वळल्या.

५

तपासणीच्या दिवशी नवरा बाबांना घेऊन सकाळीच हॉस्पिटलात गेला. निघण्याआधी आम्हा दोघांना नाश्त्याला बसवताना सासूबाईंनी रोजच्यासारखं म्हटलं, "सावकाश होऊ द्या." घरात कुणी खायला बसलं की त्या हे म्हणतातच, पाहुणा असो, नवरा असो, मी असो.

ते गेल्यावर मॅडमचा निरोप आला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आज जायची आहे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेस्ट काढलेली हवी. मी खोलीत गेले. सासूबाई बाबांचे इस्त्रीचे शर्ट कपाटात लावायला घेऊन आल्या होत्या आणि टेबलाशी थिजल्यासारख्या उभ्या होत्या.

सगळ्या शर्टांची बटणं कापलेली होती.

ओरबाडलेली नव्हेत, कापलेली; कापडाला धक्का न लावता, दोऱ्याच्या बुडातून, सासूबाई कापतात तशी. शर्ट एकावर एक रचलेले. फडक्यांचा गठ्ठा असतो तसे. बटणांच्या डब्याचं झाकण उघडं.

"मी फाटलेल्याचीच काढते," त्या म्हणाल्या. "हे तर रोजचे... हे तर वापरातले आहेत."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा होता.

"ऐक, घाबरू नकोस. इथे जरा गोंधळ झालाय. बाबांना आत टेबलावर घेतलंय आणि त्यांची फाइल सापडत नाहीये. डॉक्टर वाचतच होते म्हणे, वाचता वाचता गेली."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"तेच. फाइल सापडली नाही. वर निळं काहीतरी चिन्ह आहे, तुझ्या ऑफिसच्या पिशवीवर आहे ना, तसलं." त्यानं आवाज खाली आणला. "अगं, हे तुमचंच आहे का?"

टेबलाखाली पंखा घुरघुरत होता. टेस्ट कुणीही चालवलेली नव्हती.

६

मला एकच उपाय माहीत होता: पुसून टाकणं. बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं. सासूबाईंनी विचारलं, "काय करतेयस?" आणि मी भडाभडा सगळं सांगितलं. फाइल, आवरणं, थांबायला न सांगितलेला मदतनीस. मला वाटलं, त्यांना त्यातलं काही कळणार नाही.

"म्हणजे तू त्याला कामावरून काढणार," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मग तो काय आवरेल?"

मी बोट मागे घेतलं. 

"माझं लग्न झालं तेव्हा या घरात एक काकू होत्या," त्या शर्टांवरून हात फिरवत म्हणाल्या. "सासऱ्यांच्या चुलत बहीण. त्यांना आवरायची घाई. आपण घास घेतोय तोवर ताट उचलायच्या. अंथरुणावर माणूस असताना चादर ओढायच्या. सगळे त्यांच्यावर ओरडायचे. जितकं ओरडावं तितक्या त्या जास्त घाई करायच्या. उशीर झाला म्हणून ओरडतायत, असंच वाटायचं ना त्यांना. वाईट नव्हत्या गं. थांबायचं कसं, तेवढं ठाऊक नव्हतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काम नको म्हणून कुणाला सांगू नये. दुसरं द्यावं." त्यांनी बटणांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "हा दिला. म्हटलं, काकू, एवढी निवडून द्या, सावकाश होऊ द्या. निवडून झाली की मी पाठ वळवून परत मिसळायची."

"त्यांना कळायचं नाही?"

"कळत असणार. हातांना कुठे कळतं?"

मी पडद्याकडे पाहिलं. किती वर्षं किती माणसांनी हिला हाक मारली होती, लाल झाली म्हणून खोटारडी म्हटलं होतं आणि लगेच परत पळवलं होतं. थांब, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

मी टेस्ट पुसली नाही. ऑफिसच्या रांगेतून तिचं नाव काढलं, म्हणजे आता तिला कुणी हाक मारणार नव्हतं, ओरडणारही नव्हतं. मग फक्त त्या खोक्यापुरतं तिला नवं काम लिहून दिलं. रिकाम्या, निरुपयोगी, उलटसुलट नावांच्या फाइली ढिगानं होत राहतील, त्या लावाव्यात आणि आवराव्यात. आणि आवरायच्या आधी कितीही वेळ थांबलं तरी चालेल, अशी एक ओळ.

सासूबाईंनी बटणांचा डबा कापायच्या टेबलावर पालथा केला, दोन्ही हातांनी सगळी बटणं मिसळली आणि बाजूला रिकाम्या वाट्या मांडल्या.

"सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या. कुणाला, ते मी विचारलं नाही.

पंख्याचा आवाज हळूहळू उतरला. फोन वाजला.

"होती की इथेच," नवरा म्हणाला. "उगाच जीव घेतला माझा. सुरू केलंय त्यांनी."

मॅडमना कारण एका ओळीत हवं होतं. मी लिहिलं: टेस्ट खरं बोलत होती, आवरणारे वाचणाऱ्यांसाठी थांबत नाहीत, दवाखान्यांकडे गेलेल्या सॉफ्टवेअरमध्येही तपासा. मग त्यांचे फोनवर फोन येत राहिले आणि मी ते वाजू दिले, कारण हातात सुई होती.

७

बाबांचे शर्ट संध्याकाळच्या आत पुरे करायचे होते. टेबलावरच्या ढिगातून त्यांची बटणं तेवढी वेचून घेतली आणि आम्ही दोघी टेबलाकडे पाठ करून, खिडकीशी, उजेडाला बसलो. 

आवाज यायला लागला तो पहिला शर्ट संपता संपता. बटण वाटीत पडल्याचा. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्या वाटीत, टिक. 

"बघू नकोस," सासूबाई दोरा दातानं तोडत म्हणाल्या. "कामातल्या माणसाकडे टक लावू नये."

मी बघणार नव्हतेच. पण दोऱ्याचं रीळ घरंगळलं, ते उचलायला वाकले, आणि मान जरा वळली.

टेबलाच्या कडेवर एक मनगट टेकलेलं होतं. बारीक, कष्टाचं. त्यापुढची बोटं एक बटण धरून थांबली होती, नक्की कुठल्या वाटीत टाकावं याचा विचार करत असावीत तशी. मनगटावर जुनी, धुऊन विटलेली बाही होती. तिची पट्टी उघडी लोंबत होती. बटण नव्हतं. दोऱ्याचं बूड तेवढं उरलं होतं, स्वच्छ कापलेलं.

मी रीळ उचललं आणि ताठ बसले. बराच वेळ मला सुईत दोरा ओवता येईना. सासूबाईंनी सुई माझ्या हातातून घेतली, ओवली, परत दिली.

"बाहीला बटण नाही," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं.

८

बाबा उन्हं उतरताना आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, जिने चढू नका म्हणाले होते. "जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता तरी लिफ्टनं जा म्हणतात," एवढंच त्यांनी सांगितलं. गोल टेबलावर मी कोड्याचं खोकं उघडून ठेवलं होतं आणि कडेचे काही तुकडे जोडायला घेतले होते. ते माझ्याशेजारची खुर्ची ओढून बसले आणि मी चुकीचा लावलेला एक तुकडा त्यांनी काढून बरोबर लावला.

चहा आला. अर्धा पिऊन ते उठले आणि बाल्कनीत गेले.

आम्ही दोघी कपाकडे बघत बसलो. नवरा म्हणाला, "काय आहे त्या कपात?" वाफ विरली. वर साय धरली. शिवणाच्या खोलीतून मधूनच येत होतं, टिक.

बाबा परतले. कप जिथे होता तिथेच होता. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "गार झाला. कुणी उचलला कसा नाही?"

आणि तेव्हा खोलीतला आवाज थांबला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळी निवडून झाली होती. त्या उठायला लागल्या. मी त्यांचा हात दाबला. "तुम्ही बसा बाबांपाशी. मी मिसळून येते."

खोलीत कुणी नव्हतं. वाट्या ओळीनं मांडलेल्या, पांढरी, काळी, शिंपल्याची, चार भोकांची, दोन भोकांची. इतकी नीटस की मोडताना हात धजेना. आणि टेबलाच्या कडेला, माझ्या खुर्चीसमोर, बाहीच्या पट्टीला बसेल असं एकच लहान बटण वेगळं ठेवलेलं. त्याच्याशेजारी सुई. दोरा ओवून, गाठ मारून, तयार.

मी खुर्ची ओढून बसले. पंखा अगदी हळू चालला होता. कुणीतरी श्वास धरून उभं असावं तसा. 

"सावकाश होऊ द्या," बाहेर सासूबाई म्हणाल्या, आणि बाबांनी कप पुन्हा अर्धाच खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी सुई उचलली, आणि मान वर न करता डावा हात पुढे केला, बाही धरायला.